रकाना क्रमांक सात

कोयाईकेच्या ऑफिसातून निघताना
सत्तर फॉर्म दिले मला, प्लास्टिकात गुंडाळून,
कारण इथे कागदसुद्धा कोरडा राहत नाही.
वस्तीवस्तीत जाऊन विचारायचे:
कोणते काम अडले तर सगळेच अडेल?
ते करणाऱ्याचे वय किती?
त्याच्यानंतर कोण?
शिकवायला किती दिवस?
उत्तरे आकड्यांत. शेरा एका ओळीत.

कालेता अलेर्सेला रस्ताच नाही.
चिलीच्या या टोकाला डोंगर थेट समुद्रात उतरतो
आणि घरे त्याच्या अंगाला गोचिडीसारखी.
या दारातून त्या दारात जायचे
तर सायप्रसच्या फळ्यांची वाट,
खांबांवरून, पाण्यावरून, नऊ किलोमीटर.

पहिल्या दिवशी उत्तरे सोपी होती.
जनरेटर बघणारा: एक. वय एकसष्ट. गुडघे गेलेले.
दवाखान्यातली वितालिया: नर्स, सुईण,
दात उपटणारी,
आणि माणूस गेला की त्याचे डोळे मिटवणारी.
पगार एकच.
बोट धक्क्याला लावणारा ओसियेल म्हणाला,
"शिकवायला? दोन हिवाळे.
आणि शिकणारा दारू पिणारा नको."
मी लिहिले: चोवीस महिने.

नोल्बेर्तो फळ्या बदलतो.
तो यादीत नव्हता.
यादीत वेल्डर आहे, एक्स-रे काढणारा आहे,
ड्रोन उडवणारासुद्धा आहे,
पण पावलांच्या आवाजावरून
कुजकी फळी ओळखणारा माणूस
कोणत्या कोडखाली टाकायचा?
"सुतार, इतर," मी म्हणाले.
त्याने माटेचा कडू चहा ओतला, भांडे माझ्याकडे सरकवले.
"इतर," तो म्हणाला आणि ठसका लागेपर्यंत हसला.

जागा सहा महिने रिकामी राहिली तर काय होईल?
रकाना सात.

"सहा महिने कशाला, बाई?
झडीचे दोन आठवडे पुरेत.
मग वितालिया तापाच्या पोरापाशी पोचत नाही,
पोर शाळेत पोचत नाही, पाव पोचत नाही.
आणि शवपेटी,"
तो जरा थांबला,
"शवपेटीला चार खांदे लागतात.
चौघांचे वजन, वर मेलेल्याचे.
आदल्या रात्री मी ती सगळी वाट चालून बघतो."

प्रशिक्षणाची गरज?
"हातोडा चार दिवसांत येतो कुणालाही.
कान यायला वेळ लागतो.
आणि एकदा पाण्यात पडावे लागते."
हे एका ओळीत मावेना.
मी पेन तसेच धरून बसले.

परत निघालो तेव्हा पुढे त्याची नात, यास्ना,
वय एकोणीस,
गुरुवारच्या बोटीने पुंता अरेनासला जाणारी, नर्सिंगला.
म्हणजे वितालियाची जागा भरेल कदाचित,
कदाचित भलत्याच गावातली कुणाची.
फोनमध्ये डोके खुपसून चालली होती,
आणि एका ठिकाणी, मान वर न करता,
लांब टांग टाकून
एक फळी ओलांडून गेली.

म्हातारा थांबला. वाकला.
सुरी खुपसली तर मुठीपर्यंत आत.

"तुला कुणी सांगितले?"
"काय?" ती म्हणाली. अजून फोनमध्येच.

आपण तिला काही शिकवले नाही,
असे तो शपथेवर सांगत राहिला.
लहानपणी नुसती बरोबर न्यायचो,
हातात खडू द्यायचो,
वाईट फळीवर फुली मारायला.
खेळ म्हणून. रडू नये म्हणून.

फॉर्मवर मी लिहिले,
रिक्त होणारी पदे: एक.
उपलब्ध उमेदवार: एक, गुरुवारपर्यंत.
मग दुसरी ओळ खोडली.
मग खोडलेल्यावरच पुन्हा लिहिली.

रात्री खानावळीकडे परतताना
टॉर्च विझवली आणि कान लावून चालले.
खाली भरतीचे पाणी खांबांना चाटत होते.
टक. टक. टक.
मला सगळ्या फळ्या सारख्याच वाटल्या.